तेशुवा

तेशुवा ही ज्यू धर्मातील पश्चात्ताप आणि आत्मिक नूतनीकरण यांविषयीची मध्यवर्ती संकल्पना होय. या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ ‘परतणे’ असा आहे. चुकलेल्या मनुष्याने आपली चूक ओळखावी, ती सोडून द्यावी, शब्दांत कबूल करावी, झालेले नुकसान भरून द्यावे आणि ईश्वराकडे, तसेच ज्याचा अपराध केला त्या माणसाकडे परत यावे, अशी ही प्रक्रिया आहे. तेशुवा वर्षातून केव्हाही करता येते. तथापि हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याचे पहिले दहा दिवस त्यासाठी विशेष मानले जातात. त्यांची सांगता योम किप्पूर या उपवासाच्या दिवशी होते. महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल हा मराठीभाषक ज्यू समाज हा दिवस पूर्वापार ‘दारफाळणीचा सण’ या नावाने पाळत आला आहे.

शब्द आणि अर्थ

‘तेशुवा’ हा शब्द ‘शूव’ (परत फिरणे, वळणे) या हिब्रू धातूपासून बनला आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘उत्तर’ असाही होतो. मराठीत त्यासाठी सामान्यतः ‘पश्चात्ताप’ हा शब्द वापरला जातो. मात्र दोहोंचा रोख वेगळा आहे. ‘पश्चात्ताप’ या शब्दात कृत्यानंतर मनाला होणारा ताप प्रधान आहे, तर ‘तेशुवा’ या शब्दात दिशा बदलणे प्रधान आहे. मनाला लागलेली खंत हा तिचा एक टप्पा होय. केवळ खंत म्हणजे तेशुवा नव्हे. धर्मशास्त्रातील ‘प्रायश्चित्त’ या संज्ञेशीही तिची तुलना केली जाते. प्रायश्चित्तात दोषपरत्वे ठरलेला विधी असतो. तेशुवेत मात्र उपवास व प्रार्थना असल्या तरी आचरण बदलले नाही, तर त्या विधींना स्वतंत्र फळ मानले जात नाही.

पापासाठी हिब्रूमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा शब्द ‘हेत’ हा असून त्याच्या धातूचा अर्थ नेम चुकणे असा आहे. त्यामुळे पाप म्हणजे वाट चुकणे आणि तेशुवा म्हणजे वाटेवर परत येणे, असे जोडचित्र ज्यू ग्रंथांत वारंवार आढळते.

हिब्रू बायबलमधील पार्श्वभूमी

लेवीय या ग्रंथाच्या १६ व्या अध्यायात योम किप्पूरच्या प्राचीन विधीचे वर्णन आहे. त्यानुसार प्रमुख याजक दोन बोकड घेई. चिठ्ठ्या टाकून त्यांपैकी एक ईश्वराला अर्पण केला जाई आणि दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून लोकांच्या पापांची कबुली दिल्यानंतर त्याला अरण्यात सोडले जाई. गणना या ग्रंथाच्या ५ व्या अध्यायात दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्यासाठी अधिक व्यावहारिक नियम आहे. त्याने आपला अपराध कबूल करावा, मूळ रक्कम परत करावी आणि तिच्या पाचव्या हिश्शाची भर घालून ती ज्याचे नुकसान झाले त्याला द्यावी.

संदेष्ट्यांच्या ग्रंथांत भर विधीवरून अंतःकरणावर येतो. होशेयाच्या ग्रंथाचा शेवटचा अध्याय इस्राएलला परतण्याचे आवाहन करतो. यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायात प्रत्येक व्यक्तीची जबाबदारी स्वतंत्र मानली असून बापाचे पाप मुलाच्या माथी येत नाही आणि दुष्टाने वाट बदलली तर त्याचे पूर्वीचे दोष त्याच्याविरुद्ध धरले जात नाहीत, असे प्रतिपादन आहे. योनाच्या ग्रंथात निनवे या परकीय नगरीतील लोक पश्चात्ताप करतात आणि त्यांच्यावरील संकट टळते. म्हणजेच परतण्याची मुभा इस्राएल लोकांपुरती मर्यादित राहत नाही. अनुवाद या ग्रंथाच्या ३० व्या अध्यायात ‘परतणे’ हा शब्द दोन्ही अर्थांनी येतो. लोक ईश्वराकडे परततात आणि ईश्वर त्यांना देशोदेशीच्या विखुरलेपणातून परत आणतो.

मिश्ना आणि तालमुद

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्याबरोबर बलिदानाचा विधी थांबला आणि पापक्षालन कसे होणार, असा प्रश्न उभा राहिला. मंदिराच्या भग्नावशेषांपाशी शोक करणाऱ्या आपल्या शिष्याला योहानान बेन झक्काई यांनी दयेची कृत्ये हे तितकेच समर्थ साधन असल्याचे सांगितले, अशी कथा रब्बींच्या परंपरेत आहे. पुढील काळात प्रार्थना, दानधर्म व तेशुवा यांना बलिदानाची जागा मिळाली.

सुमारे इ.स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नातील ‘योमा’ या प्रकरणाच्या अखेरीस या विषयाचा पाया घातलेला आहे. तेथील दोन नियम महत्त्वाचे मानले जातात. पहिल्यानुसार, ‘आधी पाप करीन, मग पश्चात्ताप करीन’ असा हिशेब मांडणाऱ्याला पश्चात्तापाची संधी लाभत नाही. दुसऱ्या नियमात अपराधांचे दोन वर्ग केले आहेत. मनुष्य व ईश्वर यांच्यातील अपराध योम किप्पूरने क्षालित होतात. परंतु मनुष्य व मनुष्य यांच्यातील अपराध पीडिताची समजूत घातल्याखेरीज क्षालित होत नाहीत. दिवसभराचा उपवास आणि प्रार्थना शेजाऱ्याकडे जाण्याची जागा घेऊ शकत नाहीत, हा या नियमाचा थेट परिणाम आहे.

बाबिलोनी तालमुदात या नियमाचा विस्तार आहे. क्षमा मागणाऱ्याने तीनदा प्रयत्न करावा आणि प्रत्येक वेळी तीन जणांना सोबत न्यावे. पीडित व्यक्ती मरण पावली असेल, तर दहा माणसांसह तिच्या कबरीपाशी जाऊन अपराध कबूल करावा. याच ठिकाणी राव या विद्वानाची एक अस्वस्थ करणारी कथा येते. एका खाटकाने त्यांचा अपराध केला होता. योम किप्पूरच्या आदल्या दिवसापर्यंत तो आला नाही, तेव्हा समेटासाठी राव स्वतःच त्याच्याकडे गेले. खाटकाने त्यांना झिडकारले आणि जनावराचे डोके फोडीत असता उडालेल्या हाडाने तो ठार झाला. अपराध्याच्या दारी पीडिताने जाणे हे औदार्य की दडपण, याविषयी भाष्यकारांनी या कथेच्या आधारे पुष्कळ चर्चा केली आहे.

परतणाऱ्याची वाट सुकर करणे हेही रब्बींनी समाजाचे कर्तव्य मानले. चोरलेली तुळई घराच्या बांधकामात बसवली गेली असेल, तर मूळ नियमाने घर पाडून ती परत द्यावी लागली असती. मिश्नाने चोराला तिची किंमत देण्याची मुभा दिली. घर मोडण्याच्या भीतीने कोणी कबुलीच देणार नाही, हा त्यामागील विचार होता आणि ही तरतूद ‘परतणाऱ्यांसाठीची सुधारणा’ म्हणून ओळखली जाते. त्याचप्रमाणे पश्चात्ताप केलेल्या माणसाला त्याच्या पूर्वीच्या कृत्यांची आठवण करून देणे हा वाचिक छळ समजला जातो.

पश्चात्तापाच्या मूल्यासंबंधी मात्र एकमत नाही. रेश लाकिश यांच्या मते भीतीपोटी केलेल्या तेशुवेमुळे जाणूनबुजून केलेली पापे अजाणतेपणी घडलेल्या पापांसारखी गणली जातात, तर प्रेमापोटी केलेल्या तेशुवेमुळे ती पुण्यात रूपांतरित होतात. रब्बी अबाहू यांनी पश्चात्तप्त मनुष्याचे स्थान पूर्ण नीतिमान मनुष्याहूनही वरचे मानले. रब्बी योहानान यांनी याच्या उलट मत नोंदवले. तालमुदाने दोन्ही मते शेजारी शेजारी राहू दिली आहेत.

मध्ययुगीन विचारवंत

सादिया गाओन (८८२–९४२) यांनी तेशुवेची चार अंगे सांगितली. ती म्हणजे पाप सोडणे, खंत वाटणे, क्षमा मागणे आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. अकराव्या शतकात स्पेनमधील बाह्या इब्न पाकुदा यांनी अंतःकरणाच्या कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात या विषयाला एक संपूर्ण विभाग दिला.

या विषयाची सर्वांत प्रभावी मांडणी मोशे बेन मैमोन अर्थात मैमोनिदीस (११३८–१२०४) यांनी केली. ‘मिश्ने तोरा’ या त्यांच्या संहितेत तेशुवेचे नियम दहा अध्यायांत आले आहेत. पापाची तोंडी कबुली (‘विदुई’) त्यांनी अनिवार्य मानली. पूर्ण तेशुवा कशी ओळखावी, या प्रश्नाला त्यांनी व्यवहारी उत्तर दिले. तोच मोह, तेच ठिकाण आणि पाप करण्याचे तेवढेच सामर्थ्य असताना जो भीतीमुळे किंवा शक्ती सरल्यामुळे नव्हे, तर पश्चात्तापामुळे परावृत्त होतो, त्याची तेशुवा पूर्ण होय. वार्धक्यात मोह उरला नाही म्हणून केलेली तेशुवाही स्वीकारली जाते. मात्र ती श्रेष्ठ प्रतीची नव्हे. मनुष्याला इच्छास्वातंत्र्य आहे, हा सिद्धांतही त्यांनी याच भागात मांडला, कारण निवड करता येत नसेल तर परतण्याच्या आज्ञेला अर्थ उरत नाही. पीडित व्यक्तीवरही त्यांनी कर्तव्य घातले आहे. मनापासून केलेली विनंती तिने निष्ठुरपणे नाकारू नये आणि तिसऱ्या प्रयत्नानंतरही नकार दिल्यास दोष तिच्याकडे जातो.

स्पेनमधील योना गेरोंदी यांच्या तेराव्या शतकातील ‘शआरे तेशुवा’ (तेशुवेची द्वारे) या ग्रंथात पश्चात्तापाची वीस तत्त्वे दिली आहेत. गेरोंदी हे मैमोनिदीसच्या तात्त्विक ग्रंथांना विरोध करणाऱ्या गटात होते. पुढे पॅरिसमध्ये तालमुदाच्या प्रती जाळल्या गेल्यावर त्यांना त्या वादाविषयी तीव्र खंत वाटली आणि तिच्यातून हे लेखन घडले, असे परंपरा सांगते.

कबाला, हसिदी पंथ आणि मुसार चळवळ

सोळाव्या शतकात सफेद येथील इसहाक लुरिया (१५३४–१५७२) यांच्या कबाला विचारात तेशुवेला विश्वव्यापी अर्थ मिळाला. सृष्टीच्या आरंभी दुभंगलेल्या दिव्य प्रकाशाचे कण मनुष्याच्या सत्कृत्यांनी पुन्हा एकत्र येतात, या ‘तिक्कून’ (दुरुस्ती) कल्पनेशी व्यक्तीचा पश्चात्ताप जोडला गेला. अठराव्या शतकात पूर्व युरोपात उदयास आलेल्या हसिदी पंथाने कठोर देहदंडापेक्षा आनंदावर भर दिला. खिन्नता ही मनुष्याला ईश्वरापासून दूर नेते, अशी या पंथाची धारणा होती. एकोणिसाव्या शतकात लिथुआनियातील इस्राएल सालांतेर (१८१०–१८८३) यांनी सुरू केलेल्या मुसार चळवळीत रोजचे आत्मपरीक्षण आणि एकेका सवयीवर शिस्तीने काम करण्याची पद्धत रूढ झाली.

आधुनिक विचार

अब्राहम इसहाक कूक (१८६५–१९३५) यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरोत हातेशुवा’ या ग्रंथात तेशुवेला आरोग्याची उपमा दिली. शरीर जसे रोगातून बरे होऊ पाहते, तसे मन व संपूर्ण विश्व आपल्या मूळ स्थितीकडे परतू पाहते, असे त्यांचे मत होते. जोसेफ सोलोवेचिक (१९०३–१९९३) यांनी न्यूयॉर्कमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून पापमुक्ती आणि शुद्धी यांत भेद केला. पहिलीत शिक्षा टळते, तर दुसरीत व्यक्तिमत्त्वच बदलते.

दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या संहारानंतर क्षमेचा अधिकार कोणाचा, हा जुना प्रश्न नव्याने पुढे आला. सायमन वीझेनथाल यांनी १९६९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘सूर्यफूल’ या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात छळछावणीतील एक प्रसंग कथन केला आहे. ज्यूंच्या हत्येत भाग घेतलेल्या एका मरणासन्न नाझी सैनिकाने त्यांच्याकडे क्षमा मागितली आणि ते काही न बोलता निघून गेले. आपण योग्य केले काय, असे त्यांनी विचारवंतांना विचारले व त्यांची उत्तरे पुस्तकात समाविष्ट केली. अनेक ज्यू विचारवंतांनी मिश्नातील नियमाचाच आधार घेतला. मारल्या गेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार जिवंत माणसाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून धर्माचरणापासून दूर गेलेल्या, पण पुन्हा त्याकडे वळलेल्या ज्यूंसाठी ‘बाल तेशुवा’ ही संज्ञा विशेष रूढ झाली.

वार्षिक पालन

तिश्रीपूर्वीचा एलूल महिना तयारीचा मानला जातो. सेफार्दी परंपरेत या महिन्यात पहाटे ‘सेलिहोत’ या क्षमाप्रार्थना म्हटल्या जातात. तिश्रीच्या पहिल्या दिवशी रोश हशाना हा नववर्षाचा सण येतो आणि मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य, शोफार, फुंकले जाते. मैमोनिदीसने त्याच्या नादाचा अर्थ झोपलेल्यांना जागे करणारी हाक असा लावला आहे. वाहत्या पाण्याकाठी किंवा समुद्रकिनारी ‘ताश्लिख’ ही पापे पाण्यात टाकण्याची प्रतीकात्मक प्रार्थना केली जाते. रोश हशाना व योम किप्पूर यांमधील शब्बाथला ‘शब्बाथ शुवा’ असे नाव असून त्या दिवशी होशेयाचे आवाहन वाचले जाते.

योम किप्पूरला सूर्यास्तापासून पुढच्या दिवशी रात्र पडेपर्यंत खाणेपिणे, स्नान, तैलमर्दन, चामड्याची पादत्राणे आणि शरीरसंबंध वर्ज्य असतात. अनेक जण पांढरी वस्त्रे घालतात. कबुलीची प्रार्थना ‘आम्ही’ अशा अनेकवचनात असते. त्यामुळे प्रत्येक जण स्वतः न केलेल्या दोषांचीही समाजासह कबुली देतो. दुपारी योनाचा ग्रंथ वाचला जातो. अखेरच्या प्रार्थनेला ‘नेईला’ म्हणजे ‘बंद होणे’ असे नाव आहे. दिवस संपताना स्वर्गाची द्वारे मिटू लागतात, अशी त्यामागील कल्पना असून शोफारच्या दीर्घ नादाने उपवास सुटतो.

बेने इस्राएल समाजातील परंपरा

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले. त्या वेळी सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात बुडाले. पुढे कोकणातील गावांत तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्याने ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेला. हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शेमा’ एवढीच त्यांच्या स्मरणात राहिली होती. ग्रंथांविना चाललेल्या या धर्मजीवनात तिश्री महिन्यातील सण मराठी नावांनी टिकून राहिले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या इतिहासात त्यांचे वर्णन आहे.

एलूल महिन्यातील उपवासांना शेजारच्या मुस्लिम समाजाकडून आलेले ‘रमझान’ हे नाव होते आणि उपवासासाठी ‘रोजा’ हा शब्द वापरला जाई. रोश हशाना हा ‘नवियाचा सण’ होता. त्यानंतर येणाऱ्या ‘खिरीच्या सणा’ला नव्या धान्याची खीर करून धूप जाळला जाई आणि शेमा म्हटला जाई. योम किप्पूर हा ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे बंद करण्याचा सण होता. त्या दिवशी कुटुंबे शुभ्र वस्त्रे नेसून, उपवास धरून, दार लावून घरातच राहत आणि बाहेरच्यांचा संपर्क टाळीत. ‘नेईला’ या प्रार्थनेच्या नावातही दार बंद होण्याचीच कल्पना आहे, हे साम्य लक्षणीय आहे. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ असे. त्या दिवशी मिटलेली दारे उघडत, गोरगरिबांना दान दिले जाई आणि आप्तेष्टांच्या घरी भेटीगाठी होत. एकांतातील उपवासानंतर माणसांकडे जाण्याचा हा क्रम कोणत्याही लिखित संहितेच्या आधाराशिवाय पाळला जात होता.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून समाजाचा व्यापक ज्यू जगाशी संबंध वाढला. ब्रिटिश सैन्यातील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर (सामाजी हसाजी) यांनी १७९६ साली मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यास प्रार्थनास्थळ उभारण्याचा त्यांनी नवस केला होता, असे समाजात सांगितले जाते. या सिनेगॉगचे ‘शआर हारहमीम’ हे नाव ‘दयेचे द्वार’ या अर्थाचे आहे. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना व सेफार्दी पद्धतीची उपासना शिकवली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. त्यामुळे हिब्रू न जाणणाऱ्या उपासकाला आपण कशाची कबुली देत आहोत, हे मातृभाषेत कळू लागले. घरात दार लावून पाळला जाणारा दिवस हळूहळू सिनेगॉगमधील सामूहिक प्रार्थनेचा दिवस झाला.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबांनी इस्रायलला स्थलांतर केले. सार्वजनिक उपासनेसाठी परंपरेने दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती (‘मिनयान’) आवश्यक असते. कोकणातील काही गावांत एरवी ही संख्या जमणे कठीण झाले आहे. तथापि मुंबई, ठाणे, पनवेल, पेण, अलिबाग व पुणे येथे सिनेगॉग असून तिश्री महिन्यातील सणांना मूळ गावच्या सिनेगॉगमध्ये येण्याची प्रथा अनेक कुटुंबांनी राखली आहे.